वरच्या लीगमध्ये वेळ कमी असतो

शाळेतली पोरं मला हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, वरच्या डिव्हिजनला गेल्यावर काय बदलतं?" त्यांना वाटतं, समोरची माणसं धिप्पाड असतील, किक जोरात बसत असेल, मैदान मोठं असेल. मैदान तेच असतं. गोलपोस्टही तेवढाच, आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच. बदलतो तो वेळ.

पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये मी तिसऱ्या डिव्हिजनपासून खेळायला लागलो आणि दुसरी, पहिली करत सुपर डिव्हिजनपर्यंत पोचलो. जागा स्टॉपर बॅकची, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. तिसऱ्या डिव्हिजनला चेंडू आला की तो पायाखाली घ्यायचा, मान वर करायची, कोण मोकळा आहे ते बघायचं आणि मग मारायचा, एवढी सवड मिळायची. दुसऱ्या डिव्हिजनला चेंडू थांबवेपर्यंत फॉरवर्ड अंगावर आलेला असायचा. पहिल्या डिव्हिजनला चेंडू यायच्या आधीच बघून ठेवावं लागायचं. आणि सुपर डिव्हिजनला, आधी बघून ठेवलेली माणसं चेंडू पायाशी येईपर्यंत जागेवरून हललेली असायची. तिथं टिकायचं तर कोण कुठं आहे यापेक्षा कोण कुठं चाललाय हे ओळखता यायला हवं. हे फळ्यावर शिकवता येत नाही. मॅच खेळून खेळूनच ते येतं, आणि माझं सगळं म्हणणं इथंच येऊन थांबतं.

मी मिरजगावचा. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. जवळच निमगाव गांगर्ड्याला सीना नदीवरचं धरण आहे, तरी पट्टा दुष्काळीच. रब्बीची ज्वारी, कांदा, लिंबाच्या बागा, आणि पाऊस नाही झाला तर टँकर. खेळ म्हणाल तर कुस्ती आणि कबड्डी. २०२५ च्या मार्चमध्ये कर्जतला महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, वेताळ शेळकेनं गदा जिंकली, तेव्हा आख्खा तालुका आखाड्याकडं लोटला होता. मला त्यात वावगं काहीच वाटत नाही. आमच्याकडच्या पोरांच्या मांड्यांत आणि खांद्यांत जो जोर आहे तो या दोन खेळांनी दिलाय, आणि स्टॉपर बॅकला त्याचाच उपयोग होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या कमरेकडं बघायची सवय असते, हाताच्या हुलकावणीला फसायचं नसतं. फुटबॉलमध्येही फॉरवर्डच्या पायाकडं बघितलं की माणूस फसतो. कमरेकडं बघा, ती खोटं बोलत नाही. हे मला पुण्यातल्या कुठल्या प्रशिक्षकानं सांगायच्या आधी गावच्या कबड्डीच्या मैदानावर कळलं होतं.

आमच्याकडं फुटबॉल आणला तो फौजेतून रिटायर होऊन आलेल्या एका गृहस्थांनी. नगर भागात सैन्यातून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, त्याचा हुद्दा कुठलाही असो. तर हे आमचे मेजर. पलटणीच्या संघाकडून खेळलेले. त्यांनी आम्हाला माळावर उभं केलं. काळ्या रानात खेळायची सोय नव्हती. ज्वारी काढल्यावर धसकटं उभी राहतात, ती पायात घुसतात, आणि उन्हाळ्यात जमिनीला इतक्या रुंद भेगा पडतात की पाय मुरगळायचाच. म्हणून मुरमाड माळ. तिथं दुसरा वैरी म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. चेंडू कडेला गेला की फुस्स. मग शिवणीचा चेंडू असला तर चप्पल शिवणाऱ्या काकांकडं जाऊन एका बाजूची शिवण उसवून घ्यायची, आतलं ब्लॅडर काढून सायकलवाल्याकडं न्यायचं, तो ते पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा, कानस घासून, सोल्युशन लावून पॅच मारायचा, मग परत काकांकडं, परत शिवण. तिथं थोडा उंचवटा राहायचा. त्या उंचवट्यावर चेंडू आपटला की कुठंही उसळायचा. मुरमावर तसाही चेंडू गुडघ्यापर्यंत उसळतोच, त्यात हे. त्यामुळं आमच्यापैकी प्रत्येकाला चेंडू तळव्याखाली दाबून थांबवायची सवय लागली. मुरमावर ती बरोबर आहे. टर्फवर मात्र चेंडू जमिनीलगत सरसर येतो, तिथं तळवा उचलेपर्यंत तो निघून जातो. तिथं पायाच्या आतल्या बाजूनं, पाय किंचित मागं घेत, त्याला मऊ करून घ्यावा लागतो. खेड्यातला मुलगा ट्रायलला गेला की पहिल्या पाच मिनिटांत नापास होतो तो बहुतेक या एका टचवर. त्याचा दम, ताकद, डोकं, कशाचीच परीक्षा होत नाही.

पुण्याला मी शिकायला गेलो आणि खर्च भागवायला चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट करायला लागलो. लीगच्या मॅचेस शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर, घोरपडीजवळच्या ढोबरवाडीच्या मैदानावर. नाइट शिफ्ट करून मैदानावर जायचं, डब्यातली चपाती-भाजी खायची आणि बूट बांधायचे, असं पुष्कळदा चाललं. तिसऱ्या डिव्हिजनचे क्लब म्हणजे वस्तीतली, कॉलेजातली, कुठल्यातरी चर्चच्या आवारातली मुलं. नोंदणीचे पैसे आपणच वर्गणी काढून भरायचे. जर्सी धुवायला आळीपाळीनं घरी न्यायच्या. लाइनमन आला नाही तर राखीव खेळाडूनं झेंडा धरायचा. जसं वर जावं तसा क्लब आधी नोंदणीचे पैसे भरतो, मग किट देतो, मग प्रवासखर्च, आणि अगदी वर मॅचची फी. पण ही फी कुणाचं घर चालवण्याइतकी नव्हती. आमच्या सुपर डिव्हिजनच्या संघात बँकेत असलेला, रिक्षा चालवणारा, जिममध्ये ट्रेनर असलेला, असे सगळे होते. संध्याकाळी सात वाजता सरावाला आल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिवसाचं काम दिसायचं.

त्या वर्षांतली एक गोष्ट मी अजून रोज वापरतो. दुसऱ्या डिव्हिजनला आमचा प्रशिक्षक मला गोलकडं तोंड करून उभा करायचा आणि स्वतः पाठीमागं जायचा. समोरून एकजण चेंडू मारायचा. चेंडू हवेत असताना मी मान वळवून मागं बघायचं, त्यानं किती बोटं वर केलीत ते ओरडून सांगायचं, आणि मगच चेंडू घ्यायचा. बोटं चुकली तर चेंडू कितीही छान घेतला तरी उपयोग नाही. सुरुवातीला बोटं दिसायची तर चेंडू निसटायचा, चेंडू सापडायचा तर बोटं दिसायची नाहीत. पुढं दोन्ही जमायला लागलं, आणि एका मॅचमध्ये मला एकाएकी जाणवलं की मैदान मोठं झालंय. मागं फॉरवर्ड कुठं आहे हे मला न बघता माहीत होतं. त्या मोसमात आमचा क्लब वर गेला.

वर गेलो म्हणजे क्लब गेला, हे नीट सांगायला हवं. फुटबॉलमध्ये संघ वर चढतो, संघाबरोबर खेळाडू चढतो. गुणतक्त्यात वरच्या जागेवर आलं की पुढच्या मोसमात वरची डिव्हिजन, तळाला गेलं की खालची. यात कुणाची ओळख लागत नाही, निवड समिती लागत नाही. मोसमभराचे निकाल बोलतात. इंग्लंडमध्ये हेच जाळं खेड्यापाड्यापर्यंत पसरलेलं आहे. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी सोडून दिलं. तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या छोट्या क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळला आणि पोटासाठी कारखान्यात काम करत राहिला. तिथून हॅलिफॅक्स, फ्लीटवुड, २०१२ मध्ये लेस्टर सिटी, आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. लोक ही परीकथा म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते वेगळं. ज्याला सोळाव्या वर्षी नाकारलं, त्यालाही पुढची आठ-नऊ वर्षं दर शनिवारी मॅच मिळत राहिली.

आपल्याकडं अशी शिडी नव्हती असं नाही, पण तिच्या वरच्या पायऱ्या एकेक करून निखळत गेल्या. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये तो बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ मध्ये देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये दुसरा आला. त्यांची अकादमी देशात नाव काढणारी होती. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये त्यांच्या मॅचला मी स्टँडमध्ये बसून फक्त स्टॉपर बॅककडं बघायचो. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतोय हे टीव्हीवर दिसत नाही, ते मैदानावरच बघावं लागतं. २०१५ मध्ये तो क्लब संपला. त्याच सुमारास भारत एफसी आला आणि एका मोसमात गेला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळला. मुंबई एफसी २०१७ नंतर वरच्या लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून होता, २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादनं घेतली. हे सगळं मी सुपर डिव्हिजनला आलो त्या वर्षांत डोळ्यांसमोर घडलं. ज्या क्लबांच्या ट्रायलसाठी आम्ही पाय वाचवून ठेवत होतो, ते क्लबच जागेवर राहिले नाहीत. मी ज्या क्लबाकडून खेळत होतो त्यानंही एका मोसमाअखेर, पुढच्या वर्षी संघ उतरवणार नाही, असं कळवलं. मालकाचा धंदा मंदीत होता, त्याला दोष देत नाही. पण त्या दिवशी त्या ड्रेसिंग रूममध्ये तेवीस-चोवीस वर्षांची जी मुलं बसली होती, त्यांच्यातली निम्मी परत कधी लीग खेळली नाहीत. त्यांचा खेळ संपला नव्हता.

तरीही काहीजण चढले, आणि ते कसे चढले हे मी मुलांना सांगतो. मुंबईचा राहुल भेके, जन्म १९९०. एअर इंडिया, मुंबई एफसी, कोलकात्याचं ईस्ट बंगाल, मग बंगळुरू एफसी. २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, गोव्याविरुद्ध, जादा वेळ संपत आला असताना ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून त्यानं एकमेव गोल केला आणि बंगळुरू जिंकलं. मॅच मुंबईत होती. त्याच वर्षी तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, वय अठ्ठावीस. २०२४ मध्ये मुंबई सिटीनं मोहन बागानला कोलकात्यात ३-१ हरवून चषक घेतला तेव्हा कर्णधार राहुल होता. बचावपटू उशिरा पिकतो. त्याला पिकायला मिळालं कारण त्याला दर पातळीवर मॅचेस मिळाल्या. एअर इंडियाचा संघ नसता तर हा मुलगा कुठं खेळला असता?

दुसरा कोल्हापूरचा अनिकेत जाधव. लहानपणीच तो पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत आला, पुणे एफसीच्या अकादमीत खेळला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला. भारत फिफाच्या स्पर्धेत खेळण्याची ती पहिलीच वेळ. पुढं इंडियन अॅरोज, जमशेदपूर, आणि मग हैदराबाद. २०२२ मध्ये हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली त्या संघात तो होता. पुण्याच्या हातून निसटलेल्या जागेवर उभा राहिलेला क्लब विजेता झाला आणि त्यात आपला कोल्हापूरचा पोरगा होता, याचं मला त्या रात्री फार भरून आलं. आनंदही झाला आणि पुण्यासाठी जीवही तुटला.

कोल्हापूरला मी पाहुण्या संघाबरोबर गेलो होतो तेव्हा छत्रपती शाहू स्टेडियम भरलेलं बघितलं. तिथं क्लबांची नावं तालमींची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या आखाड्यांतून फुटबॉल संघ उभे राहिले आणि पेठांनी ते आपले मानले. मालक बदलला म्हणून तालीम बंद पडत नाही. वर्गणीवर, गल्लीच्या अभिमानावर ती चालते. तिथं म्हाताऱ्या माणसांनाही ऑफसाइड कळतो, आणि रेफरीनं चुकीचा दिला तर ते त्याला तसं सांगतात. कोल्हापूरच्या लीगला दोष देणारेही आहेत. मुलं तिथल्या टाळ्यांत रमतात, बाहेर पडत नाहीत, असं ते म्हणतात. थोडं खरं आहे. पण पोटभर मॅचेस मिळाल्यामुळंच मोहन बागानकडून खेळलेला निखिल कदम किंवा अनिकेत त्या मातीतून आले. आखाड्यातून फुटबॉल उभा राहू शकतो हे कोल्हापूरनं दाखवून दिलंय, आणि आखाडे तर आमच्या कर्जत तालुक्यातही आहेत.

मी गावाकडं परत आलो तो क्रीडाशिक्षक म्हणून. खरं आव्हान काय आहे हे मला इथं आल्यावर कळलं. आमच्याकडं शालेय स्पर्धा होतात, सुब्रतो चषकाची निवड होते, सगळं कागदावर आहे. पण स्पर्धा बाद पद्धतीनं. वर्षभर सराव करून संघ नगरला न्यायचा. भाड्याची जीप, सकाळी लवकर निघायचं, तिथं शहरातल्या ज्या शाळांना मैदान आहे, प्रशिक्षक आहे, अशा एखाद्या शाळेशी पहिलीच मॅच पडायची. अर्धा तास अलीकडं, अर्धा तास पलीकडं, हरलो की मोसम संपला. चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात एक मॅच. जिंकणारी शाळा पुढं विभागाला जाते, तिला आणखी मॅचेस मिळतात, ती आणखी चांगली होते. ज्याला मॅचची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच आपण पहिल्यांदा घरी पाठवतो. ही पद्धत वेळ आणि पैसा वाचवायला बरी असेल, पण तिच्यातून खेळाडू घडत नाही.

यावर आई-वडिलांचं म्हणणं असतं, "सर, यातून पुढं काय?" मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सोपं नाही. फुटबॉलवर घर चालवणारे महाराष्ट्रात मोजकेच आहेत. २०२३ पासून आय-लीगचा विजेता इंडियन सुपर लीगमध्ये जाऊ लागला. त्या वर्षी पंजाब एफसी तसा चढला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन. खाली आय-लीगची दुसरी आणि तिसरी पातळीही उभी राहिली. म्हणजे वरच्या बाजूनं शिडी पुन्हा जोडली जातेय. पण तिचं खालचं टोक अजून जमिनीला टेकलेलं नाही. मिरजगावच्या मुलाचा पाय पहिल्या पायरीला पोचायचा तर ती पायरी पुण्यात असून चालणार नाही. पुण्याला राहायचं, खायचं, शिफ्ट करायची आणि खेळायचं, हे मला जमलं, कारण घरी थोरला भाऊ शेत बघत होता. दर घरात थोरला भाऊ नसतो.

म्हणून आम्ही सात-सात जणांच्या मॅचेस सुरू केल्यात. जवळच्या गावांतले संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, एकदा इथं आणि एकदा त्यांच्याकडं. हरला तरी पुढच्या रविवारी मॅच आहेच. गुणतक्ता मी शाळेच्या फळ्यावर लिहितो. एक शेळ्या राखणारा मुलगा, डावरा, बुटका, नगरच्या पहिल्याच मॅचमध्ये बावरून गेला होता. आज त्याच्याकडं चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान फिरवतो. त्याला हे मी बोटं दाखवून शिकवलं खरं, पण ते त्याच्या अंगात मुरलं ते हरलेल्या मॅचेसमधून. मुलींचा एक संघ या वर्षी उभा राहिलाय. त्यांच्यातली गोलकीपर कबड्डीची खेळाडू आहे आणि सुटलेल्या चेंडूवर ज्या धाडसानं झेपावते ते बघायला गावातली माणसं आता कडेला उभी राहतात.

आमच्या तालुक्यातल्या आणि शेजारच्या जामखेड, श्रीगोंदा, आष्टी भागातल्या क्रीडाशिक्षकांना, तालमींच्या वस्तादांना आणि ग्रामपंचायतींना माझी हात जोडून विनंती आहे. चषक, पाहुणे, मंडप यांवर होणाऱ्या एकदिवसीय स्पर्धेच्या खर्चात वर्षभराची लीग निघते. गावठाणातला एक माळ साफ करून द्या, काटे वेचा, चुन्याच्या रेघा आखा आणि दर रविवारी मुलांना मॅच द्या. चेंडू आणि शिट्टी घेऊन मी कुठल्याही गावी यायला तयार आहे.